फळी का मोडली? (घरी केलेल्या स्की आणि चिखलातली फळी)



आजचा पाठ पुस्तकातला नाही. आमच्या वर्गात तीन मोडकी लाकडं आली, त्यातून तो तयार झाला. परिसर अभ्यासाच्या तासाला मी तो तीन दिवस घेतला. कुणाला वर्गात वापरायचा असेल तर खुशाल वापरा.

मी शिकवते ते पासली गाव वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. डोंगराळ भाग, भाताची खाचरं आणि चार महिने पाऊस. बर्फ इथे कुणी पाहिलेला नाही. तरी आमच्या चौथीतल्या दोन मुलांनी या जुलैत स्की तयार केल्या. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता, पायाला लांब फळ्या बांधून माणूस डोंगरावरून सुसाट खाली येतो. बर्फ नाही तर नाही, ओलं गवत आहे, उतार आहे. मुलांनी लाकडी खोक्याच्या दोन फळ्या काढल्या, चपलेचे जुने पट्टे खिळ्यांनी ठोकले आणि झाल्या स्की. अर्ध्या तासात दोन्ही मोडल्या.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मग त्यातल्या एकाने घरातली चिखलाची फळी काढली. आवणीच्या आधी खाचरात चिखल करून झाला की तो सारखा करायला बैलांच्या मागे जी जाड फळी ओढतात, ती. आजोबा तिच्यावर उभे राहतात, बैल ओढतात आणि फळी चिखलावरून घसरत जाते. मुलाला वाटलं, हीच खरी स्की. दोघं तिच्यावर उभे राहिले आणि उतारावरून निघाले. वाटेत एक उंचवटा आला. फळी मधोमध मोडली. एकाचा गुडघा सोलला. तेवढ्यावर निभावलं हे नशीब.

दुसऱ्या दिवशी आवणी होती. रोपं उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या. पैऱ्याची माणसं सांगून ठेवलेली. आणि फळी मोडलेली. त्या घरात संध्याकाळी काय झालं असेल ते मी सांगायला नको. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले.

आजोबांनी काय पाहिलं?

मला वाटलं होतं आजोबा रागावलेले असतील. ते ओसरीवर मोडक्या फळीचे दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "बाई, हिकडं बघा. ह्ये अर्धं काळं हाय आन् अर्धं पांढरं हाय."

खरंच होतं. मोडलेल्या जागी लाकडाचा अर्धा भाग काळपट, मळकट, आत चिखल शिरून वाळलेला. उरलेला अर्धा भाग स्वच्छ, पिवळसर पांढरा, त्यावर लांब लांब कुसळं निघालेली.

"ही त्या दिशी नाय मोडली," आजोबा म्हणाले. "ही कवाच मोडली व्हती. त्या दिशी फकस्त दोन झाली."

मुलगा दाराआडून ऐकत होता. तो बाहेर आला, पण बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही लाकडं घेऊन शाळेत आला.

आजोबांनी जे केलं तेच पुल, यंत्रं, विमानं यांची तपासणी करणारे अभियंते करतात. एखादा भाग तुटला की ते आधी तुटलेला पृष्ठभाग बघतात. जुनी चीर असेल तर तिच्यात पाणी, हवा, धूळ शिरून ती काळवंडलेली किंवा गंजलेली दिसते. नवीन तुटलेला भाग ताजा दिसतो. दोन्हींची हद्द बघून कळतं, की ही वस्तू शेवटच्या दिवशी किती टक्के जिवंत होती. आमची फळी निम्मीच जिवंत होती. चिखलात बैलांच्या मागे ती मोडली असती, तर वर उभा असलेला माणूस पडला असता.

म्हणून मी वर्गात फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं: मोडणे एका क्षणात दिसते, पण बहुतेक वेळा ते खूप आधी सुरू झालेले असते.

आता तिन्ही लाकडं बघू. पहिल्या स्कीला 'अ' म्हणू, दुसरीला 'ब' आणि चिखलाच्या फळीला 'क'.

आधी हे बघू, की स्की आणि फळी एकच काम कसं करतात

बर्फ भुसभुशीत असतो. त्यावर नुसतं चाललं की पाय आत जातो. आपल्या खाचरातल्या चिखलाचंही तसंच. पाय आत जाऊ नये तर वजन जास्त जागेवर पसरलं पाहिजे.

एक हिशेब करू. मुलाचं वजन २८ किलो. एका तळव्याची लांबी २० सेंमी, रुंदी ७ सेंमी धरली, तर दोन तळव्यांचं क्षेत्रफळ २८० चौरस सेंमी. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम भार. आता दोन स्की घ्या, प्रत्येकी १२० सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद. क्षेत्रफळ झालं २,१६० चौरस सेंमी. भार झाला साधारण १३ ग्रॅम. तेच मूल, तेच वजन, पण जमिनीवरचा दाब आठव्या भागाइतका.

म्हणून बर्फाच्या देशातल्या माणसांनी फार पूर्वीच लाकडाच्या स्की केल्या. स्वीडनमधल्या काल्वत्रेस्क इथे १९२४ साली दलदलीत सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्याबरोबर एक काठी सापडली, तिचं एक टोक फावड्यासारखं आहे. म्हणजे जाताना काठी, थांबल्यावर बर्फ उकरायला फावडं. गरजेतून एकाच वस्तूची दोन कामं काढणारा माणूस आपल्याकडेही घरोघरी असतो.

यातली कुठलीही स्की कारखान्यातली नव्हती. हजारो वर्षं जगातल्या सगळ्या स्की घरीच केलेल्या होत्या. आमच्या मुलाने मला विचारलं होतं, "बाई, घरी केलं म्हणून मोडलं ना?" त्याचं उत्तर इथेच मिळतं. घरी केलं म्हणून मोडत नाही. का मोडलं ते लाकूडच सांगतं.

'अ' का मोडली? लाकडाच्या रेघा

'अ' स्की पायाच्या मागे तिरकी मोडली होती. सरळ आडवी नाही, तिरकी. मुलांना मी भिंग दिलं आणि कडेच्या रेघा बघायला सांगितल्या. फळीच्या कडेवर रेघा तिरप्या जात होत्या, एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूला बाहेर पडत होत्या. फळी बरोबर त्याच रेघेवर मोडली होती.

लाकूड म्हणजे बारीक तंतूंची जुडी. झाड उभं वाढतं, म्हणून तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर लाकूड भयंकर ताकदवान असतं. पण तंतू एकमेकांपासून सोडवायचे असतील तर त्याच्या दहाव्या भागाइतकीही ताकद लागत नाही. म्हणूनच कुऱ्हाडीने ओंडका उभा पटकन फुटतो, आडवा तोडायला घाम निघतो.

आता गंमत बघा. 'स्की' हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्या भाषेत 'स्कीद' म्हणजे फोडलेलं लाकूड, ढलपी. कापलेलं नाही, फोडलेलं! पाचर ठोकून ओंडका फोडला की चीर तंतूंच्या वाटेने जाते. निघालेल्या तुकड्यात तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. करवतीला मात्र तंतूंशी देणंघेणं नसतं. ती सरळ रेषेत कापत जाते, खोड वाकडं असलं तरी. खोक्याच्या फळ्या स्वस्तातल्या लाकडाच्या, करवतीने कापलेल्या, रेघा कशाही गेलेल्या. खोक्यासाठी ते चालतं. वर उभं राहायचं असेल तर चालत नाही.

गाठीचंही तसंच. जिथे फांदी फुटलेली असते तिथे तंतू वळसा घेतात. गाठ दिसायला कडक असते, पण वाकवताना फळी गाठीपाशीच मोडते. कुऱ्हाडीचा दांडा निवडताना गाठीचं लाकूड बाजूला टाकतात ते यासाठीच.

'ब' का चिरली? खिळ्याचं भोक

'ब' मोडली नाही, उभी चिरली. पट्टा ठोकायला मुलांनी टोकाजवळ दोन मोठे खिळे मारले होते. दोन्ही खिळे एकाच रेघेवर. खिळा म्हणजे पाचरच. तो तंतूंमध्ये घुसतो आणि त्यांना दोन बाजूंना लोटतो. टोकाजवळ धरून ठेवायला लाकूड कमी असतं, म्हणून तिथे आधी चिरतं.

सुतार यावर दोन साधे उपाय करतात. एक, खिळ्याच्या जागी आधी सामत्याने बारीक भोक पाडायचं. दोन, खिळ्याचं अणकुचीदार टोक हातोडीने किंचित बोथट करायचं. बोथट खिळा तंतूंना बाजूला लोटत नाही, चिरडत आत जातो. वर्गात दोन्ही प्रकारे खिळा मारून दाखवा, मुलं विसरत नाहीत. आणि दोन खिळे एका रेघेवर न मारता थोडे मागेपुढे मारायचे.

पण मुळात पायाखाली भोक पाडणंच वाईट. का? स्कीवर माणूस उभा असताना सगळा भार पायाच्या जागी असतो आणि खालून आधार पूर्ण लांबीवर असतो. त्यामुळे सगळ्यात जास्त वाक पायापाशी येतो. आणि तिथेच आपण भोक पाडून लाकूड कमी करतो. शिवाय ताण भोकाला वळसा घालून जातो, त्यामुळे भोकाच्या दोन्ही कडांना तो गर्दी करतो. चीर सुरू होते ती तिथूनच.

जुन्या नॉर्वेतल्या कारागिरांनी याची युक्ती काढली होती. स्की टोकांकडे पातळ तासायची आणि पायाखाली जाड ठेवायची. त्या जाड भागात वरून खाली भोक न पाडता, एका कडेतून दुसऱ्या कडेत आडवं भोक पाडायचं आणि त्यातून पट्टा ओवायचा. त्यामुळे तळाचे तंतू अखंड राहतात. वाकताना सगळ्यात जास्त ओढ तळाच्या आणि वरच्या थरावर येते. मधल्या थरावर ओढ फार कमी असते. भोक मधल्या थरात असलं की नुकसान कमी.

'क' का मोडली? भोक, ओल आणि वर्षं

आता आजोबांची फळी. ती ऐनाची, जाड आणि चांगल्या लाकडाची. तिला दोर ओवायला दोन भोकं होती. काळी चीर त्यातल्या एका भोकापासून सुरू झाली होती. म्हणजे 'ब' ची आणि 'क' ची सुरुवात एकच. फरक इतकाच, की एकीला चिरायला अर्धा तास लागला आणि दुसरीला कित्येक पावसाळे.

त्या भोकात दर वर्षी काय होत होतं?

ओलं लाकूड फुगतं, वाळलं की आकसतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ बदल होत नाही, रुंदीत मात्र चांगलाच होतो. पावसाळ्यात आपल्या दाराच्या फळ्या फुगतात, दार लागत नाही. उन्हाळ्यात त्याच दारात फटी दिसतात. दाराची उंची मात्र बदललेली दिसत नाही. हेच ते.

फळीच्या टोकांवर आणि भोकांच्या आत तंतूंची तोंडं उघडी असतात. झाडात असताना हेच तंतू पाणी वर नेत होते. त्यामुळे टोकातून आणि भोकातून पाणी सगळ्यात आधी आत जातं आणि सगळ्यात आधी बाहेर येतं. भोकाजवळचं लाकूड आकसतं, थोड्या अंतरावरचं अजून फुगलेलंच असतं. या ओढाताणीत बारीक चीर पडते. पुढच्या वर्षी त्या चिरेत चिखल शिरतो. वाळला की तो पाचरीसारखा बसतो. त्यापुढच्या वर्षी चीर आणखी आत.

मग बुरशी येते. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी राहिली तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. त्याहून बरीच जास्त ओल आणि जोडीला हवा मिळाली, की ती तंतूंना बांधून ठेवणारे पदार्थच खायला लागते. इथे मुलांनी एक छान प्रश्न विचारला. "मग पाच हजार वर्षांची स्की दलदलीत कशी टिकली? तिथे तर पाणीच पाणी!" उत्तर हवेत आहे. दलदलीच्या खोल चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून बुरशीला जगता येत नाही. सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे कधी ओलं, कधी कोरडं. कुंपणाचा खांब उपटून बघा. वरचा भाग बरा असतो, खोल गाडलेलाही बऱ्यापैकी असतो. कुजतो तो जमिनीलगतचा. तिथे ओलही आहे आणि हवाही.

थंडीही लाकूड टिकवते. नॉर्वेतल्या डिगरवार्डेन डोंगरावरचा बर्फ वितळला तेव्हा २०१४ साली एक स्की सापडली. २०२१ साली तिच्या जवळच तिची जोडीदार सापडली. दुसरी १८७ सेंमी लांब आणि १७ सेंमी रुंद आहे. वय सुमारे १,३०० वर्षं. पायाचे पट्टे बर्चच्या पिळलेल्या फांद्यांचे आणि चामड्याचे. या दोन्ही स्की अगदी सारख्या नाहीत आणि त्यांच्यावर दुरुस्तीच्या खुणा आहेत. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी मोडलेली वस्तू फेकून दिली नाही, सांधली आणि पुन्हा वापरली. हे ऐकल्यावर आमच्या वर्गात एकदम शांतता झाली होती.

जाडीचं गणित

आता थोडं मोठ्या मुलांसाठी. फळीची जाडी दुप्पट केली तर ताकद किती वाढेल? मुलं म्हणतात दुप्पट. तसं नाही. मोडण्याला विरोध करणारी ताकद चौपट होते आणि वाकण्याला होणारा विरोध आठपट. उलट बाजूने बघा. सुताराने हलकी व्हावी म्हणून तासून जाडी निम्मी केली, तर ताकद पाव उरते. झिजून पातळ झालेली फळी म्हणूनच अचानक दगा देते.

मग पातळ फळ्या दोन एकावर एक ठेवल्या तर? नुसत्या ठेवल्या तर ताकद दुप्पटच होते, कारण वाकताना त्या एकमेकींवरून सरकतात. पण पक्क्या चिकटवल्या तर दोन्ही मिळून एक जाड फळी होते आणि ताकद चौपट. वही घेऊन वाकवा, पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या सरकलेल्या दिसतील. तेवढीच पानं एकमेकांना चिकटवून वाळवा आणि मग वाकवून बघा. पुठ्ठ्यासारखी ताठ होतात.

१९३० च्या दशकात लाकडाचे थर चिकटवून केलेल्या स्की आल्या त्या याच तत्त्वावर. पुढे हॉवर्ड हेड नावाच्या अमेरिकन अभियंत्याने मध्ये प्लायवूड आणि वर-खाली ॲल्युमिनियमचे पत्रे अशी स्की करायचं ठरवलं. तो विमानाच्या कारखान्यात काम केलेला माणूस. त्याच्या पहिल्या जोड्या पुन्हा पुन्हा मोडल्या. प्रत्येक वेळी कुठे मोडली ते बघून तो पुढची करत गेला, आणि १९५० साली त्याची स्की बाजारात आली. कडा लवकर झिजतात यावर ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी लाकडी स्कीला पोलादी पट्ट्यांच्या कडा लावून बघितल्या आणि १९२६ साली पेटंट घेतलं. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात, तोच विचार.

कुठलं लाकूड?

चांगल्या स्कीसाठी ॲश आणि हिकरी ही लाकडं नावाजलेली. दोन्ही चिवट, धक्का सोसणारी, वाकून परत सरळ होणारी. ही झाडं आपल्या डोंगरात नाहीत. पण धामण आहे. धामणीचं लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून दांड्यांना आणि धनुष्यालाही वापरलं जातं. पांगारा हलका, पण मऊ आणि लवकर कुजणारा. साग कुजत नाही, वाळवीला दाद देत नाही, पण धक्का सोसण्यात धामणीइतका चिवट नाही. म्हणजे 'सगळ्यात चांगलं लाकूड' असं काही नसतं. कोणत्या कामाला चांगलं, असं विचारायचं.

खोडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला कीड लवकर लागते, गाभ्याचं जास्त टिकतं. आणि लाकूड तोडल्याबरोबर वापरायचं नाही. सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये चिपा घालून वाळवायचं. उन्हात टाकलं की बाहेरून पटकन वाळतं, आत ओल राहते आणि भेगा पडतात. टोकांना शेण-माती लिंपली की टोकातून पाणी हळू जातं, भेगा कमी पडतात.

काळजी आणि दुरुस्ती

नॉर्वेत स्कीच्या तळाला पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर गरम करून मुरवत. त्याने पाणी आत जात नाही. कोकणात होड्यांना उंडीचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावतात, तेही याचसाठी. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावतात. आमच्या इथे हाताशी असतं ते करंजेल. तेल टोकांना आणि भोकांच्या आत आधी लावायचं, मग बाकीच्या फळीला. आपण नेमकं उलटं करतो, वरून चकचकीत करतो आणि भोक विसरतो.

बारीक चीर दिसली तर काय करायचं? चीर जिथे संपते तिथे छोटं गोल भोक पाडलं तर ती पुढे सरकायची बऱ्याचदा थांबते, कारण टोकदार जागी गर्दी करणारा ताण गोलाईवर पसरतो. मग चिरेतला चिखल काढून, लाकूड पूर्ण वाळवून, पाण्यात न सुटणारा गोंद भरून दाबून ठेवायचं. साधा पांढरा गोंद चिखलात टिकत नाही. वरून पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवता येते, पण ती ठोकताना पुन्हा खिळ्यांची रांग एका रेघेवर नको. मात्र चीर निम्म्या जाडीपर्यंत गेली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, विशेषतः वर माणूस उभा राहणार असेल तर.

जुने स्कीवाले डोंगरात जाताना पाठीवरच्या पिशवीत स्कीचं एक सुटं टोक ठेवत. वाटेत टोक मोडलं तर तेच अडकवून घरी यायचं. आणि उन्हाळ्यात जोडीचे तळ समोरासमोर ठेवून मध्ये ठोकळा घालून बांधून ठेवत, म्हणजे वाक जात नसे. आपली फळी मात्र आवणी संपली की चिखलासकट गोठ्याच्या भिंतीला उभी राहते. एक टोक ओल्या जमिनीवर. पुढच्या जूनपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही. मीही घरच्या पाट्या-घमेल्यांचं असंच करते, हे कबूल करते.

मुलांनो, एक महत्त्वाची गोष्ट. ओल्या गवतावरून घसरायचंच असेल तर फळी पायाला बांधायची नाही. पाय सहज बाहेर निघाला पाहिजे. फळी मोडली तर दुसरी करता येते.

फळीचं पुढे काय झालं?

आवणी शेजारच्यांची फळी आणून एक दिवस उशिरा झाली. दिवाळीनंतर आजोबांनी नवी फळी करायला घेतली आहे. नातू जोडीला असतो. यावेळी भोकं मधोमध न पाडता दोर दोन टोकांना लोखंडी कड्या बसवून बांधायचा, असं नातवाने सुचवलं. आजोबा म्हणाले, कड्या बसवायला पण भोकं पडतीलच की. मग दोघांचं बराच वेळ त्यावर चाललं. शेवटी ठरलं, की कडी पट्टीवर बसवायची आणि पट्टी फळीला गुंडाळायची. टिकते का ते पुढच्या आवणीला कळेल. मोडक्या 'क' चा काळा-पांढरा तुकडा आमच्या वर्गात खिडकीत ठेवला आहे.

चला करून पाहू

१. पोह्याच्या किंवा आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याच्या कडेच्या रेघा भिंगातून बघा. सरळ रेघांचा आणि तिरप्या रेघांचा चमचा वाकवून मोडा. कोणता कसा मोडला ते चित्र काढून लिहा. मोडताना डोळ्यांपासून दूर धरा.

२. एका लाकडी पट्टीची रुंदी आणि लांबी मोजा. रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. काय वाढलं?

३. घरातलं एखादं मोडलेलं अवजार आणा. मोडलेल्या जागी जुनं आणि नवं ओळखता येतं का?

४. घरातल्या मोठ्यांना विचारा: नांगर, कुऱ्हाडीचा दांडा, मुसळ, फळी यांना कोणतं लाकूड वापरत आणि का?

थोडं विचार करा

फळी कुणी मोडली, या प्रश्नाचं तुमचं उत्तर काय? मुलांनी, पावसाने, भोकाने, की कुणीच वेळेवर न बघितल्याने? एकच उत्तर द्यायची गरज नाही, पण प्रत्येकासाठी पुरावा द्या.

चिखलाच्या फळीला तुमच्या भागात काय म्हणतात आणि ती कोणत्या लाकडाची करतात, तेही वहीत लिहून ठेवा. पुढच्या पाठाला उपयोगी पडेल.